सिंहाचं तोंड छापू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे कपड्यांच्या डिझाइनचे सगळे कागद टेबलावर पसरून बसले आहे. एका बाजूला नृसिंह: आयाळीची कॉलर, पाठीवर छापलेलं सिंहाचं तोंड, बाह्यांवर सोनेरी नखं. दुसऱ्या बाजूला पाइनचं शंकूसारखं फळ: खवल्यांच्या आकाराचे तुकडे कापून ओळीने शिवलेले. आणि सगळ्यांत खाली तुझा प्रश्न, की पुराण घेऊ की निसर्ग, कारण दोन्ही आधीच कुणी ना कुणी करून ठेवलंय. तुझा हात चांगला आहे, ते तुला ठाऊक आहे. त्यावर शाई घालवत नाही. प्रश्न मात्र तू भलताच विचारलास. पुराण घे, निसर्ग घे, त्याने काही ठरत नाही. घेतलेली गोष्ट कापडावर चिकटून राहते की कापणीत, म्हणजे कापड कापण्याजोडण्याच्या रीतीत, उतरते, एवढंच मी बघते.

नृसिंहाचंच घे. हिरण्यकशिपूने वर काय मागितला होता? माणसाच्या हातून मरण नको, पशूच्या नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने नको. म्हणून देव संध्याकाळी येतो, उंबरठ्यावर बसतो, त्याला मांडीवर घेतो आणि नखांनी फाडतो. सगळी कथा दोन गोष्टींच्या मधल्या फटीत घडते. सिंहाचं तोंड हा तिचा एक तुकडा, आणि तू नेमका तोच उचललास, कारण तो काढायला सोपा.

आता सांग, कपड्याचा उंबरठा कुठे असतो? शिवणीत असतो. अस्तर आणि वरचं कापड जिथे भेटतं त्या कडेला असतो. मग असा कोट काढ की त्या कडेवर आत कुठे संपलं आणि बाहेर कुठे सुरू झालं हे कळू नये. अस्तर खांद्यावरून वळून वर येऊ दे, गळ्यापाशी परत आत जाऊ दे. त्यासाठी पट्टीला पीळ द्यावा लागेल आणि तो पीळ पॅटर्नमध्येच, म्हणजे कापड ज्यावरून कापतेस त्या कागदी नमुन्यातच, सोडवावा लागेल. मागाहून टाचून तो येत नाही. शस्त्र नको ना? मग बटण नको, हूक नको, चेन नको. कोट स्वतःच्याच घडीत अडकून बंद व्हावा. संध्याकाळ हवी असेल तर केशरी छपाई कशाला? उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घे. चालणारी वळली की रंग बदलेल, आणि कुठला खरा ते कुणाला सांगता येणार नाही. या कोटावर सिंह कुठेच नसेल. नृसिंह मात्र शिवणीशिवणीत असेल. हे तुला एकदा दिसलं ना पोरी, की 'करून झालंय' ही तक्रार आपोआप जाईल. तोंडं सगळ्यांनी छापली असतील, पण ही फट कापायला बसलेलं माणूस मला फार क्वचित भेटलंय.

निसर्गाचंही तेच, आणि इथे मला तुझा जरा रागच आला. शंकूचे खवले तू इतके सुरेख काढलेस, मग ते काय करतात ते का पाहिलं नाहीस? ते कोरड्या हवेत उघडतात आणि दमट हवेत मिटतात, म्हणजे बी कोरड्या दिवशी सुटतं आणि वाऱ्यावर लांब जातं. झाडावरून केव्हाच गळून पडलेलं फळसुद्धा हे करतं. खवल्याला दोन थर असतात, ओलाव्याने ते सारखे फुगत नाहीत. एक जास्त लांबतो आणि सगळा खवला वाकतो. एवढी मोठी युक्ती समोर पडलेली असताना तू तिची बाह्यरेषा कापून घेतलीस! ते सगळं उसव. लोकरीचा एक थर घे, रेशमाचा एक घे, दोन्ही एकमेकांना ठिकठिकाणी शिव आणि गरम पाण्यात चोळ. लोकर आटेल, रेशीम आटणार नाही. जागा न उरल्यामुळे रेशीम फुगून वर येईल आणि कापड आपलं आपणच आकार घेईल. टाके कुठे घालायचे, दाट की विरळ, तेवढंच तुझ्या हातात. तिथेच तुझं डिझाइन आहे.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. व्हेनिसमध्ये काम करणारे डिझायनर फॉर्च्युनी, त्यांचा डेल्फॉस गाऊन आठव, साधारण 1907 चा. नाव ग्रीसमधल्या डेल्फीच्या त्या सारथ्याच्या प्राचीन कांस्य पुतळ्यावरून घेतलं, पण गाऊनवर ना रथ आहे ना देव. आहे ती रेशमाची बारीक चुणी, खांद्यापासून पायापर्यंत, सारथ्याच्या झग्यासारखी सरळ उतरणारी. सगळं काम चुणीवर सोपवलंय. (1909 चं पेटंट त्यांच्या नावावर आहे, पण ही युक्ती त्यांच्या बायकोची, हेन्रिएटची, असं त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलंय. तिचं नाव घेतल्याशिवाय मी या गाऊनबद्दल बोलत नाही, तूही बोलू नकोस.) ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचा 2003 चा शिंपला ड्रेस बघ: ऑर्गेन्झाच्या, म्हणजे पातळ पण ताठ कापडाच्या, कडा थरावर थर चढवलेल्या, शिंपल्याची वाढ जशी कडेकडेने होते तशा.

आता तू माझ्या तोंडावर त्याचंच अटलांटिसवरचं, त्या दंतकथेतल्या बुडालेल्या बेटावरचं, कलेक्शन मारशील, ऑक्टोबर 2009 चं, पॅरिसमधलं. तिथे छपाईच छपाई आहे, कबूल. पण ती बसवलीय कशी ते नीट बघ. प्रत्येक तुकड्याच्या आकाराप्रमाणे चित्र मांडलेलं आहे. समुद्र चढतोय आणि माणूस परत पाण्यातला प्राणी होतोय, ही त्याची गोष्ट; म्हणून रंग जमिनीकडून पाण्याकडे सरकत जातात आणि अंगाची ठेवणही बदलत जाते. तिथली छपाई कापणीचंच काम करते. तुझं सिंहाचं तोंड काय करतं? पाठीवर बसून राहतं.

तू म्हणशील, पाहणाऱ्याला कळणार कसं? मला हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेलाय. ग्रीक पुराणातल्या अराक्नीवर मी एक कोट केला होता. देवीपेक्षा सरस विणलं म्हणून देवीने जिचं कापड फाडलं आणि जिला जाळं विणणारा कोळी करून टाकलं, ती. त्या कोटाच्या पाठीवर विणकाम फाटतं आणि त्याच सुटलेल्या धाग्यांनी पुढे वेगळ्या विणीत परत सुरू होतं. एका मोठ्या कंपनीला तो घ्यायचा होता, अट एकच: पाठीवर कोळी भरून द्या, म्हणजे लोकांना समजेल. मी नाही म्हटलं. व्यवहार मोडला. माझ्याकडे पॅटर्न कापणारी जी बाई होती तिला पगार देणं मला जमेना, ती दुसरीकडे गेली. तसा हात मला पुन्हा मिळाला नाही. ती खंत अजून आहे आणि राहील.

पण नकार मी आजही तोच देईन. एका कोळ्याने काय बिघडलं असतं, असं तेव्हा घरच्यांनीही विचारलं. सांगते काय बिघडलं असतं. कोळी दिसला की माणूस "हां, अराक्नी" म्हणतो आणि पुढे जातो. ती फाटलेली जागा बघायला कुणी थांबत नाही. कोळी नसला की हात आपोआप त्या जागेवर जातो. शिकायला येणारी मुलं तो कोट उलटा करतात, आतून धागा कुठून कुठे गेला ते बोटाने शोधतात, आणि मग विचारतात ही कुणाची गोष्ट आहे. मला हट्टी म्हणतात, माझं नाव व्हायला हवं तेवढं झालं नाही असंही म्हणतात. म्हणू देत. मी कापणीत काम केलं, आणि तो कोट अजून बोलतो.

तेव्हा सोनेरी रंग बाजूला ठेव. भरतकामवाल्याला दिलेलं काम थांबव, मग तो रागावला तरी चालेल. पुराण आणि निसर्ग यांतलं एक निवडायची घाई करू नकोस. नृसिंहाच्या कोटाला शंकूची लोकर लागणारही असेल, ते कापता कापताच कळेल. पुढच्या वेळी मला चित्रं पाठवू नकोस. मांजरपाटात फक्त एक खांदा कापून पाठव, आतली बाजू बाहेर येते तो. फसला असेल तरी पाठव. आणि शिवणीला माया जरा जास्त ठेव, मी तो उसवून बघणार आहे.