गरीब घरांत पौष्टिक जेवण नसतं, ते पैशामुळे की माहिती नसल्यामुळे?

तुम्ही गृहविज्ञानाच्या प्रकल्पासाठी विचारलंय, की वस्तीतल्या बायकांना प्रथिनं, लोह वगैरे ठाऊक नसतं म्हणून मुलं अशक्त राहतात का, आणि माहिती दिली तर फरक पडेल का. मी आहारतज्ज्ञ नाही. नागपुरात पारडीच्या बाजूला एकोणीस वर्षांपासून माझं किराणा दुकान आहे. कोणाच्या घरी काय शिजतं हे कधीकधी त्या घरच्या नवऱ्याआधी मला कळतं.

आमच्याकडे बहुतेक मजुरांचा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, शनिवारी होते. त्या संध्याकाळी तूरडाळ किलो-अर्धा किलोनं जाते, अंड्यांचे ट्रे रिकामे होतात, सोयाबीन वडीही उचलली जाते. मंगळवारी तीच डाळ पावकिलोवर येते. गुरुवारपासून ‘भाऊ, दहाचं तेल द्या, दहाची मसूर द्या’ सुरू. शुक्रवारी चून, म्हणजे बेसनाचं पिठलं. बेसनात प्रथिनं चांगली असतात, त्यात वाद नाही. पण वाटीभर बेसन पाण्यात कालवून सहा जणांना पुरवलं तर कोणाच्या वाट्याला किती येणार? शनिवारी जिला डाळीचं महत्त्व कळत होतं ती शुक्रवारी विसरली, असं तर होत नाही. शिवाय दहाच्या पुडीत किलोपेक्षा भाव जास्त पडतो. तो फरक माझ्याच गल्ल्यात येतो, लपवत नाही.

रेशनचं म्हणाल तर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कार्डावर महिन्याला माणशी 5 किलो आणि अंत्योदयला घरामागे 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही फुकट. पण ते गहू-तांदूळ. पोट भरतं, डाळ-तेल-भाजी मात्र रोख पैशाची. 2022 च्या दिवाळीत रेशनवर सरकारचा ‘आनंदाचा शिधा’ आला होता, शंभर रुपयांत एकेक किलो रवा, साखर, चणाडाळ आणि लिटरभर पामतेल. तेव्हा माझी चणाडाळ पडून राहिली आणि गल्लीत घरोघरी पुरणाचा वास होता. त्यासाठी कोणाला व्याख्यान द्यावं लागलं नव्हतं.

माहितीचा प्रश्न नाहीच असं मात्र नाही. खेड्यातून आलेल्या मावशींना अंबाडी-तरोट्याची पालेभाजी, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर सगळं येतं. त्यांच्या गावी ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, इथे रेशनचा गहू मिळाला, मग ज्वारी विकत कोण घेणार? त्यांच्या नागपुरात वाढलेल्या सुनेला भाकर थापता येत नाही. तिचा काय दोष? दहा वर्षं घरात ज्वारीच आली नाही तर हात कशावर बसणार!

ती जागा मग टीव्हीनं घेतली. पोरगं अशक्त आहे म्हटल्यावर आई पाच रुपयांची चॉकलेटी पावडरची पुडी नेते आणि घरी ती पाण्यात कालवते. इथे तुमची माहिती खरंच उपयोगी पडेल. पण तीच पावडर पलीकडच्या लेआउटमधल्या शिकलेल्या वहिनी मोठ्या बरणीत नेतात. त्यांच्या घरी दूध, फळं, वरण असतंच, म्हणून ती चूक खपून जाते.

एक गोष्ट सर्वेक्षणवाले विचारत नाहीत. काही घरांत आठवड्यातून एकदा ‘मोठ्याचं’, म्हणजे बैलाचं मटण, व्हायचं, कारण तेच परवडायचं. 2015 मध्ये राज्यात गायींसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. ती घरं आता कोंबडीवर आलीत, तीही महिन्यातून एखाद्या रविवारी. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. वहीपेन घेऊन दारात उभ्या राहिलात की उत्तर ठरलेलं आहे: ‘वरण, भात, भाजी, पोळी.’ लाज असते हो. सगळ्यांचं झाल्यावर तळाचं वरण पाणी घालून आपण खाल्लं, हेही बाई बोलत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्यात ते तळाचं वरणही आलं.

फिकट दिसणाऱ्या प्रत्येक मुलीला बीट-डाळिंबही सांगू नका. विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, बराच आहे. आमच्या शेजारची पोरगी दोन वर्षं बीट खात होती, नंतर तपासणीत सिकलसेल निघाला. आधी रक्त तपासायला सांगा.

ज्याला पैसे लागत नाहीत ती माहिती चटकन उतरते, हे मी पाहिलंय. अंगणवाडीच्या ताई एकदा दुकानातच बायकांना म्हणाल्या, लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, तासभर जाऊ द्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या बायका एकमेकींना तेच सांगत होत्या. गोळीसोबत संत्र्याच्या दोन फोडी, हेही हिवाळ्यात जमतं, इथे तेव्हा संत्री स्वस्त असतात. लिंबाचं एप्रिलमध्ये बोलू नका, भाव विचारूनच बायका हसतील.

तुम्हाला खरंच पाहायचं असेल तर आधी शनिवारी सात ते नऊ माझ्या दुकानात येऊन उभ्या राहा. मग त्याच वेळेला शुक्रवारी या. बायका तुम्हाला नवीन गिऱ्हाईक समजतील, काही विचारूही नका.