यंत्र दोघांचं, स्लाइड तिघांच्या

पत्राचा सारांश : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात 'उद्योजकता' विषयाचा गटप्रकल्प आहे. पाच जणांचा गट, १४ आठवडे, शेवटी नमुना आणि सादरीकरण. आम्ही पंपाच्या मोटरवर बसवायचं, बेअरिंग जाण्याआधी इशारा देणारं उपकरण निवडलं आहे. एमपीयू-६०५० हा कंपनं मोजणारा स्वस्त सेन्सर वापरतो आहोत. दोन आठवडे झाले. उपकरणाचं सगळं काम मी आणि एक मित्र करतो. उरलेले तिघं 'बिझनेसची बाजू' बघतात, म्हणजे स्लाइड बनवतात. मला पुढे डिझाइनमध्ये नोकरी करायची आहे. या प्रकल्पाचा मला काय उपयोग? आणि त्या तिघांचं काय करायचं?

उत्तर :

तिघांवर चिडण्याआधी ही वाटणी कशी झाली ते आठव. हात चालणाऱ्या दोघांनी सोल्डरिंग गन उचलली, बाकीच्यांसाठी 'बिझनेस' उरला. जवळजवळ प्रत्येक गटात हेच होतं आणि प्रकल्प इथेच फसतो. कारण उद्योजकतेच्या प्रकल्पात 'इंजिनिअरिंगची बाजू' आणि 'बिझनेसची बाजू' अशा दोन बाजू नसतातच. तुमच्याच उपकरणावरून दाखवते.

एमपीयू-६०५० मधला प्रवेगमापक, म्हणजे कंपनं टिपणारा भाग, सेकंदाला फार तर १,००० मोजमापं देतो. एका कंपनाला किमान दोन मोजमापं लागतात, म्हणजे ५०० हर्ट्झच्या वरची कंपनं त्याला तत्त्वतःच दिसत नाहीत. त्याची बँडविड्थ, म्हणजे नीट मोजता येणारा पट्टा, तर २६० हर्ट्झच्या आसपासच संपते. मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटर म्हणजे २४ हर्ट्झ. रोटरचा (फिरणाऱ्या भागाचा) तोल गेला तर कंपनांच्या आलेखात २४ वर शिखर दिसेल, मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग सरळ रेषेत नसेल तर बहुधा ४८ वर. हे तुमचा सेन्सर छान पकडेल. पण बेअरिंगच्या वाटीवर पहिला ओरखडा पडतो तेव्हा त्याची खूण काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उमटते. ती खालच्या पट्ट्यात ठळक दिसू लागेपर्यंत बेअरिंगचा आवाज ऑपरेटरच्या कानालाही येऊ लागलेला असतो. थोडक्यात, 'बेअरिंग जाण्याआधी इशारा' हे तुमचं वचन या सेन्सरवर टिकत नाही.

आता दोन वाटा आहेत. काही हजार हर्ट्झपर्यंत मोजणारा महाग सेन्सर घ्यायचा, किंवा वचन बदलून 'तोल, कपलिंग आणि पायाचे ढिले बोल्ट सांगणारं उपकरण' म्हणायचं. यातली कोणती घ्यायची ते प्रयोगशाळेत ठरत नाही. ते पंप सांभाळणाऱ्या माणसांना विचारून ठरतं. आणि कदाचित ती माणसं तिसरंच काही सांगतील : बेअरिंग आम्ही ठरलेल्या वेळी बदलतोच, खरा त्रास पंप कोरडा चालल्याचा आहे, किंवा तीनपैकी एक फेज गेल्यावर वाइंडिंग जळण्याचा. तसं निघालं तर कंपन मोजायचंच कारण नाही. तारेभोवती करंट सेन्सर बसवला की काम होतं. म्हणजे ज्या कामाला तुम्ही 'बाजू' म्हणता, त्यातूनच तुझ्या उपकरणाचं डिझाइन ठरणार आहे. ते तिघांच्या स्लाइडवर सोपवून चालेल का?

म्हणून पुढचे दोन आठवडे सोल्डरिंग थांबवा आणि पाचही जण मुलाखतींना बाहेर पडा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये संशोधकांसाठी सुरू केलेल्या आय-कोअर उपक्रमात सुमारे सात आठवड्यांत १०० मुलाखती घ्यायला लावतात. तुम्हाला तेवढं जमणार नाही, पण २० जमतात. दोघादोघांनी जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने शब्दशः लिहायचं. प्रत्येकाच्या वाट्याला विचारण्याच्या चार आणि लिहिण्याच्या चार मुलाखती येतात. यातून कोणालाही सूट नाही, तुलाही नाही.

मुलाखतीत गट सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून इथे थोडं रेंगाळते. 'असं उपकरण मिळालं तर घ्याल का?' हा प्रश्न विचारूच नका. समोरचा सभ्य असतो, तुम्ही विद्यार्थी असता, तो 'हो, चांगलं आहे' म्हणतो आणि तुम्ही स्लाइडवर '९० टक्के ग्राहक उत्सुक' असं लिहून मोकळे होता. भविष्याबद्दल न विचारता घडून गेलेलं विचारा. शेवटचा पंप कधी बंद पडला? कळलं कसं, कोणाला? मग काय केलंत? किती तास काम थांबलं? दुरुस्तीचे पैसे कोणी मंजूर केले? असं पुन्हा होऊ नये म्हणून आधी काही घेऊन पाहिलंत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर कान टवकारा. ज्या दुखण्यावर माणसाने कधी साधा उपायही करून पाहिलेला नाही, त्यावर तो तुमच्याकडून उपकरण विकत घेण्याची शक्यता कमी.

आणखी एक गोष्ट इथेच कळते. उपकरण वापरणारा, निवडणारा आणि पैसे देणारा ही बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं असतात. ऑपरेटरला इशारा हवा असतो, देखभाल प्रमुखाला खोटे इशारे नको असतात, खरेदी विभागाला किंमत आणि हमी दिसते. २० जणांत तिन्ही प्रकारची माणसं हवीत. उपकरण खिशातच राहू द्या. ते दाखवलं की बोलणं त्यावरच जातं. टिपण त्याच दिवशी साफ लिहून काढा, कारण दोन दिवसांनी लिहिलेल्या टिपणात समोरच्यापेक्षा तुमचंच म्हणणं जास्त उतरतं. मित्र आणि नातेवाईक या २० मध्ये धरू नका.

खरी उत्सुकता ओळखायची खूण शब्दांत नसते. तो माणूस काहीतरी देतो का ते बघा : दोन आठवडे चाचणीसाठी त्याचा एक पंप, खरेदी करणाऱ्याशी ओळख, किंवा थोडी आगाऊ रक्कम. यातलं काहीच मिळत नसेल तर ती मुलाखत 'उत्सुक' या रकान्यात टाकू नका.

आता किमतीचं गणित. इथे बहुतेक गट सुट्या भागांची बेरीज करतात, तीत थोडा नफा मिसळतात आणि थांबतात. एका नगाचे इलेक्ट्रॉनिक भाग १०० एककांचे धर. त्यावर डबी २०, केबल आणि पॅकिंग १०, जोडणी आणि तपासणीची मजुरी २५. झाले १५५. शंभरातले पाच नग तपासणीत नापास होतात असं धरलं तर १५५ भागिले ०.९५, म्हणजे १६३. हमीच्या काळात बदलून द्यायच्या नगांसाठी ८, वाहतूक १४. आले १८५. विक्रेत्याला विक्रीच्या किमतीचे ३० टक्के आणि तुम्हाला ३० टक्के सोडायचे असतील, तर हे १८५ किमतीच्या ४० टक्क्यांत बसायला हवेत. म्हणजे किंमत सुमारे ४६०. करांचा हिशेब वेगळाच. १०० चे भाग ४६० ला विकावे लागतात हे आकडे मांडल्याशिवाय कोणाला पटत नाही. आणि यातून डिझाइनरला कळायची गोष्ट ही : तू सर्किटमध्ये १० एककांचा भाग वाढवलास की ग्राहकाच्या किमतीत २५ च्या वर भर पडते. महाग सेन्सर घ्यायचा की वचन बदलायचं, या प्रश्नाकडे आता पुन्हा बघ.

नफा-तोटा समान होण्याचा बिंदूही याच आकड्यांतून काढा. विक्रेत्याचे ३० टक्के गेल्यावर ४६० मधले ३२२ हाती येतात, त्यातून १८५ वजा केले की नगामागे १३७ उरतात. साचा, बोर्डाचा आरेखन-खर्च, प्रमाणपत्र चाचण्या असा एकदाच करायचा खर्च ४०,००० धरला तर २९२ नग विकल्यावर तो वसूल होतो. किंमत फक्त १० टक्के उतरवली तर नगामागे उरतात सुमारे १०५, आणि नग लागतात ३८२. सवलत १० टक्क्यांची, विक्री मात्र ३० टक्क्यांनी जास्त करावी लागते. हे कोष्टक स्प्रेडशीटमध्ये करा आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा : पुरवठादाराचं कोटेशन, घड्याळ लावून मोजलेली जोडणी, की नुसता अंदाज. अंदाज असणं चूक नाही, तो अंदाज आहे हे लपवणं चूक. कोटेशन एका नगाचं, १०० नगांचं आणि १,००० नगांचं असं तिन्ही मागवा. डबीच्या बाबतीत तर पद्धतच बदलते : थोड्या नगांना थ्रीडी प्रिंटिंग परवडतं, जास्त झाले की साचा. कोणत्या संख्येला साचा स्वस्त पडतो ते शोधून काढणं हे काम तुझं आहे. नोकरीच्या मुलाखतीत विचारावं असं ते आहे.

बाजारपेठेचा आकार सांगताना 'एकूण बाजाराचा एक टक्का जरी मिळाला तरी' हे वाक्य टाळा. परीक्षक ते दर वर्षी ऐकतात. खालून वर मोजा : पाच जण महिन्याला किती जागी जाऊ शकतात, त्यातल्या किती चाचणीला तयार होतात, एका जागी किती पंप. आकडा लहान येईल, पण तो तुम्हाला समजावून सांगता येईल.

वेळेचं म्हणायचं तर चौथ्या आठवड्याअखेर मुलाखती आणि वचन पक्कं. किमतीचं पहिलं कच्चं कोष्टकही तेव्हाच करा. शेवटच्या आठवड्यात केलं तर त्यातून डिझाइन बदलायला वेळ उरत नाही. आठव्यापर्यंत ओबडधोबड नमुना : विकत घेतलेला बोर्ड, साधी डबी, मोबाइल ॲप नाही. ॲपवर तीन आठवडे घालवणारे गट खऱ्या पंपापर्यंत पोहोचतच नाहीत. नववा ते बारावा चाचणी, किमान दोन पंपांवर. तिथे गळती, धूळ, तापमान आणि डबी मोटरला धरून ठेवणारं लोहचुंबक निसटणं या चार गोष्टी छळतील. तुमच्या अल्गोरिदमपेक्षा डबी कशी चिकटवली हेच जास्त महत्त्वाचं ठरेल, कारण ढिल्या बसवलेल्या सेन्सरला स्वतःचीच खडखड ऐकू येते. शेवटचे दोन आठवडे लिखाण आणि सादरीकरण.

आता ते तिघं. स्लाइड हे काम यादीतूनच काढून टाका. तेराव्या आठवड्यात सगळे मिळून बनवा. त्याऐवजी पाचही जणांना एकेक आकडा सांभाळायला द्या : नगाची किंमत, आठवड्याला येणारे खोटे इशारे, झालेल्या मुलाखती, सलग चालण्याचे तास, चाचणीला मिळालेले पंप. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसायचं, प्रत्येकाने आपला आकडा आणि तो का हलला ते सांगायचं. एक सामाईक वही ठेवा : तारीख, निर्णय, कशाच्या आधारावर, कोणी. ज्याच्या नावावर सलग दोन आठवडे काहीच नाही त्याला आधी गटातच विचारा. तरी काही हललं नाही तर वही घेऊन शिक्षकांकडे जा, आणि तेही पाचव्या-सहाव्या आठवड्यात. तेराव्यात केलेली तक्रार भांडण वाटते, तेव्हा शिक्षकही फारसं काही करू शकत नाहीत. सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण द्यायची सोय मूल्यमापनात आहे का, तेही आत्ताच विचारून घे.

एक शक्यता मात्र मनात असू दे. त्या तिघांत एखादा अनोळखी माणसाशी सहज बोलणारा असेल. तुम्हा दोघांना तीन मुलाखतींत जे कळणार नाही ते तो एका मुलाखतीत काढून आणेल.

काम पुढे न्यावंसं वाटलं तर सादरीकरणाच्या आधी दोन गोष्टी तपासा. संस्थेच्या नियमांत प्रकल्पातून आलेल्या संशोधनाची मालकी कोणाची आहे ते, आणि पेटंटचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी जाहीर प्रदर्शन करू नका; अनेक देशांत त्याने नावीन्याचा दावाच बुडतो. कंपनी काढून तिचे हिस्से वाटायची वेळ आली तर ते लगेच हातात देऊ नका. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काहीच नाही, ही रूढ पद्धत आहे. पाचातले दोघं तरी नोकरीला जाणारच असतात.

राहिला तुझ्या डिझाइनच्या नोकरीचा प्रश्न. मुलाखतीत 'आयओटी आधारित पंप मॉनिटरिंग सिस्टिम बनवली' हे वाक्य इतरही अनेक जणांकडे असतं. तुझ्या बायोडेटात असं काही लिहिता आलं पाहिजे : '२० वापरकर्त्यांच्या मुलाखतींनंतर मोजायची राशी बदलली, नगाचा खर्च अमुक इतका उतरवला, दोन पंपांवर अमुक तास चाचणी, खोटे इशारे अमुक.' त्यातल्या प्रत्येक 'अमुक'वर समोरचा पुढचा प्रश्न विचारेल, म्हणून वही नोकरीच्या मुलाखतीपर्यंत जपून ठेव. आणि तिच्यातल्या सगळ्या नोंदी तुझ्याच हातच्या नसल्या तर बरं. किमतीचा आकडा गटातल्या मैत्रिणीने कसा काढला हे तुला सांगता येतं का, ते डिझाइन विभागाचा माणूस नक्की तपासतो.