चौदा वर्षांची मुलगी सतत वाचते त्या फँटसी-सायन्स फिक्शन कादंबऱ्यांत खरंच काही दम असतो का?

बाप म्हणून तुमची अडचण अशी दिसते: मुलगी चौदाची, हातात कायम एखादं जाडजूड इंग्रजी पुस्तक, मुखपृष्ठावर ड्रॅगन नाहीतर अंतराळयान. ह्यात काही अर्थ आहे की नुसता टाइमपास, ह्यापायी अभ्यास मागे पडेल का, आणि स्वतः एखादं वाचून बघायचं झालं तर कुठलं घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

अर्थ आहे, आणि भरपूर आहे. मी पन्नाशीला टेकलेली बाई, पतपेढीत कर्जाचे कागद तपासते, आणि माझं निम्मं कपाट ह्याच पुस्तकांनी भरलंय. मुलांसाठी म्हणून आणलेली नाहीत, माझीच आहेत. तेव्हा हे उत्तर पक्षपाती आहे असं समजूनच वाचा.

कामाची सवय म्हणा, मला ह्या पुस्तकांत आधी हिशेब दिसतो. सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८) सिनेमामुळे तुमच्या कानावर असेलच. उत्तर अमेरिकेच्या जागी उभा राहिलेला एक देश, बारा डिस्ट्रिक्ट, दरवर्षी प्रत्येकातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या काढून निवडायची, आणि एकच जण जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं, तेही टीव्हीवर. मारामारीबद्दल सगळे बोलतात. मला मात्र त्या चिठ्ठ्यांच्या भांड्याचा नियम सोडत नाही. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळ्यांना सारखंच. पण घरात खायला नसेल तर एक जादा चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसापुरतं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल घ्यायचं. घरातल्या जितक्या माणसांसाठी घ्याल तितक्या चिठ्ठ्या वाढल्या, आणि जुन्या कधी बाद होत नाहीत. गोष्टीची नायिका, सोळा वर्षांची कॅटनिस, तिच्या वीस चिठ्ठ्या आहेत. तिचा मित्र गेल अठराचा, घरात खाणारी पाच तोंडं; त्याच्या ४२. मी कागदावर मांडून पाहिलं. दरवर्षी स्वतःची एक आणि धान्याच्या पाच, अशा सात वर्षांच्या सहा-सहा. बरोबर ४२ येतात. महापौरांची मुलगी नवा कोरा पांढरा फ्रॉक घालून दारात येते तेव्हा गेल तिला सुनावतो की तुझ्या फार तर पाच असतील, माझ्या बाराव्या वर्षीच सहा होत्या.

नियम कागदावर एकच, आणि तरी भांड्यातून बहुतेक करून गरिबाचंच नाव निघणार. शिवाय ज्याच्या चिठ्ठ्या जास्त तो कमी चिठ्ठीवाल्यावर जळणार, वरच्यांकडे कुणी बघणारच नाही. कर्जाच्या अटी वाचण्यात माझं आयुष्य गेलं, पण तारण म्हणून स्वतःचं नाव लिहून घेणारी अट इतक्या सरळ भाषेत मांडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

कॉलिन्सबाईंनी सांगितलंय की टीव्हीचे चॅनेल बदलता बदलता एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, त्यातून हे सुचलं. जोडीला ग्रीक पुराणातली थिसियसची गोष्ट होती, अथेन्सनं आपली मुलंमुली क्रीटच्या राक्षसाकडे पाठवायची ती. आपल्याला अर्थात एकचक्रा नगरी आणि बकासुराचा गाडा आठवतो. फरक इतकाच की इथे भीम येत नाही. ज्या घरावर पाळी आली त्या घरातल्या पोरीलाच जावं लागतं. आणि ही गोष्ट नुसती पोरांची राहिली नाही. कादंबरीतली तीन बोटं वर करण्याची खूण २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या निदर्शकांनी उचलली, त्यासाठी लोकांची धरपकडही झाली. पुढे २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवर तीच खूण दिसली.

तर तुमच्या 'दम आहे का' ह्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मोठ्यांच्या कादंबरीत माणसं बहुतेक वेळा व्यवस्थेशी जुळवून घेतलेली असतात. कसं जुळवलं, किती झिजले, ह्याचीच गोष्ट असते. (मला त्याही आवडतात, पण दिवसभर ऑफिसात तेच बघून आल्यावर रात्री परत तेच नको वाटतं.) किशोरांच्या चांगल्या फँटसीत कुणीतरी बारा-सोळा वर्षांचं पोर पहिल्यांदाच विचारत असतं, की हे असं कुणी ठरवलं? आणि जग काल्पनिक असल्यामुळे 'असंच असतं बाळा' म्हणून त्याला गप्प करता येत नाही. लेखकानं ते जग मुद्दाम रचलंय, म्हणजे त्यातला प्रत्येक नियम कुणीतरी केलाय आणि त्याचा फायदा कुणालातरी होतोय.

लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) मध्ये हे फार हळूच केलंय. गाव एकदम नीटनेटकं. नवव्या वर्षी प्रत्येकाला सायकल, बाराव्या वर्षी प्रत्येकाला ठरवून दिलेलं काम, कुणी उपाशी नाही, कुणी आवाज चढवत नाही. नायक जोनस मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी खेळत असतो आणि मध्येच, हवेत असताना, क्षणभर ते सफरचंद बदलतं. आकार तोच, माप तेच, पण काहीतरी वेगळं. तो ते गुपचूप घरी नेतो, भिंगाखाली धरून बघतो, काही सापडत नाही. वाचणाऱ्यालाही कळत नाही. बऱ्याच पुढे उलगडतं की त्याला दिसला तो लाल रंग, आणि ह्या गावात रंगच नाहीत. मग आपण मागची पानं चाळायला लागतो: खरंच की, आतापर्यंत लेखिकेनं एकाही वस्तूचा रंग सांगितलेला नाही, आणि आपल्याही ते लक्षात आलं नाही! ह्या पुस्तकाला १९९४ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळालं, आणि अमेरिकेतल्या शाळांतून ते काढून टाका म्हणून पालकांनी वर्षानुवर्षं तक्रारीही केल्या. दोन्ही मला समजू शकतं. त्यात बाप आपलं रोजचं काम करतानाचा एक प्रसंग आहे, तो वाचून मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

पण माझी खरी लाडकी लेखिका उर्सुला ले ग्विन. १९६७ साली एका छोट्या प्रकाशनसंस्थेच्या मालकानं त्यांना जरा मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हटलं. बाईंच्या डोक्यात आलं ते असं, की गोष्टींतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे म्हातारे. पण दाढी पांढरी होण्याआधी ते कुणीतरी पोरगे असतीलच ना, आणि विद्या कुठेतरी शिकले असतील? त्यातून १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. जादूगारांची शाळा ही कल्पना आज मुलांना घरचीच वाटते, पण तेव्हा ती अशी सरसकट नव्हती.

ह्या जगात जादू म्हणजे प्रत्येक वस्तूचं खरं नाव माहीत असणं. म्हणून गेड हा नायक एका उजाड मनोऱ्यात बसून वनस्पतींची, खाड्यांची, उपसागरांची नावं याद्याच्या याद्या घोकतो. आपल्याकडच्या कुठल्याही वेदपाठशाळेतल्या मुलाला त्यात नवल वाटणार नाही. पण मला त्याआधीचा एक प्रसंग जास्त प्रिय आहे. गेड गुरू ओगियनबरोबर डोंगरातून चालत असतो आणि पाऊस येतो. त्या बेटावर जादूगार फार. जो तो मंत्र म्हणून आपल्या डोक्यावरचा ढग शेजाऱ्याकडे पाठवणार, शेजारी पुढच्याकडे. ढग बिचारा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकणाऱ्या फायलीसारखा फिरत राहतो, आणि शेवटी समुद्रावर जाऊन एकदाचा मोकळा होतो. ओगियन तसं काही करत नाही. पावसाला पडायचं तिथे पडू देतो, एक दाट झाड बघून त्याखाली आडवा होतो. गेड मात्र भिजत, कुढत बसतो: अंगात एवढी विद्या असून वापरायची नसेल तर तिचा उपयोग काय? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा अगदी रास्त प्रश्न. गुरू त्यावर भाषण देत नाही. पुढे गेड शाळेत एका मुलाशी ईर्ष्येला पडतो, नको ती शक्ती उघडतो, आणि त्यापायी जे होतं ते निस्तरण्यात उरलेलं पुस्तक जातं. खलनायक नाही, महायुद्ध नाही, निवडलेला राजपुत्र नाही.

आणखी एक. गेड तांबूस-सावळा आहे, त्याचा मित्र काळा आहे, गोरे लोक आहेत ते पलीकडचे हल्लेखोर. हे १९६८ मध्ये. बाईंनी त्याचा गाजावाजा केला नाही, पण मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं गेड गोराच छापला गेला आणि २००४ च्या टीव्ही मालिकेतही गोरा नटच घेतला. तेव्हा मात्र त्या चिडून जाहीरपणे बोलल्या. 

फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) जरा मोठा घास आहे. तिथे माणसाचा जीव शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात, सोबत वावरतो. त्याला ते डीमन म्हणतात. लहान मुलांचा डीमन सारखं रूप बदलतो, घटकेत पतंग, घटकेत मांजर. वयात आलं की एका रूपात कायमचा स्थिरावतो. मोठेपण म्हणजे काय हे इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. मग काही सज्जन, शिकलेली माणसं मुलांच्या भल्यासाठी म्हणून त्यांचे डीमन कापून वेगळे करू लागतात. नायिका लायराला एका खोपटात असा एक मुलगा सापडतो. हातात वाळका मासा घट्ट धरून बसलाय, डीमनच्या जागी. तो मुलगा मरतो आणि कुणीतरी तो मासा कुत्र्यांना टाकतं. लायरा भडकते. मग एका नाण्यावर ती त्याच्या डीमनचं नाव कोरते आणि ते नाणं त्याच्या तोंडात ठेवते. हे मुलांचं साहित्य नाही असं म्हणणाऱ्यांनी मुलं पाहिलेली नसतात. ह्याच मालिकेच्या तिसऱ्या भागाला २००१ चं व्हिटब्रेड हे ब्रिटनमधलं सर्वोत्कृष्ट पुस्तकाचं पारितोषिक मिळालं. मोठ्यांच्या पुस्तकांना मागे टाकून ते मिळवणारं ते मुलांचं पहिलंच पुस्तक.

आता वाईट बाजू. 'द हंगर गेम्स' खपल्यावर तसल्याच कादंबऱ्यांचा पूर आला. एक जुलमी राजवट, आपण सुंदर आहोत हे माहीत नसलेली एक मुलगी, तिच्यामागे दोन मुलगे, एक शांत आणि एक तिरसट, आणि तीन भाग. त्यातल्या बऱ्याच मी वाचल्यात आणि आज एकमेकींपासून वेगळ्या सांगता येणार नाहीत. दुसरं, हे बाप म्हणून लक्षात ठेवा: सोनेरी कडांची, सुंदर मुखपृष्ठांची काही जाड पुस्तकं दुकानात ह्याच फळीवर असतात, पण आतला मजकूर सरळसरळ मोठ्यांसाठीचा असतो. मुलीच्या हातातून हिसकावू नका, पण मधलं एखादं प्रकरण चाळून बघायला हरकत नाही.

मराठीत हे का नाही, असं कुणीतरी विचारेलच. अगदीच नाही असं नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली तीच मुळी 'नारायण विनायक जगताप' ह्या नावानं, म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पण आपल्याकडे फास्टर फेणे आणि 'किशोर' संपलं की पोर थेट 'मृत्युंजय'वर उडी मारतं. मधली पायरी कुणी बांधलीच नाही असं मला वाटतं. बारा ते सोळा ह्या वयात मराठी मूल वाचन सोडतं किंवा इंग्रजीकडे जातं. तुमची गेली. वाईट वाटून घेऊ नका, वाचतेय तरी.

अभ्यासाचं म्हणाल तर तो प्रश्न पुस्तकाचा नाही, वेळेचा आहे, आणि त्यावर मी काय बोलणार; मी स्वतः रात्री एक वाजता 'हे प्रकरण संपलं की झोपते' म्हणणाऱ्यातली आहे.

तुम्ही कुठून सुरुवात करावी? यंत्रं आवडत असतील तर फिलिप रीव्ह यांची 'मॉर्टल एंजिन्स': अख्खं लंडन शहर रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालतंय आणि आटलेल्या उत्तर समुद्राच्या तळावरून एका छोट्या गावाचा पाठलाग करतंय, पकडून त्याचं भंगार करण्यासाठी. रहस्यकथा आवडत असतील तर फ्रान्सिस हार्डिंग यांची 'द लाय ट्री', ज्यात एक झाड खोटं ऐकून वाढतं आणि त्याचं फळ खाल्लं की खरं कळतं. पण इंग्रजी कादंबरी वाचायची सवय सुटली असेल तर सरळ 'द गिव्हर' घ्या. लहानसं आहे, वाक्यं सोपी आहेत, एखाद्या रविवारी दुपारी हातावेगळं होईल. मुलीनं ते वाचलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. संपल्यावर तिला विचारा की शेवटी त्या मुलाचं नक्की काय झालं. त्या शेवटाचे दोन अर्थ लागतात आणि त्यावरून लोक अजून भांडतात. लोरीबाईंनी पुढे आणखी तीन पुस्तकं लिहून त्याचं उत्तर देऊन टाकलंय, पण ती लगेच मागवू नका. आधी तुमचं दोघांचं भांडण होऊ द्या.