गांजाचं वेप ओढणं साध्या गांजापेक्षा सुरक्षित असतं का?

अमेरिकेत शिकणारा तुमचा मुलगा गांजाचं वेप (गांजाचं तेल तापवून त्याची वाफ देणारं छोटं यंत्र) ओढतो आणि 'धूरच नाही तर धोका कसला' म्हणतो, ते खरं का, असं विचारलंय. साफ खोटं. हेच वाक्य माझ्या भाच्याच्या तोंडचं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मागच्या हिवाळ्यात भाचा कॉलेजातून घरी आला आणि सकाळी उठला की उलट्या. पाणीही टिकेना. ताई आलं-लिंबू करत राहिली, भावोजींचं निदान 'पिझ्झ्याची ॲसिडिटी'. पोरगा तासन्‌तास कढत पाण्याच्या शॉवरखाली. गरम पाणी संपलं की पुन्हा ओकारी. शेवटी इमर्जन्सीत नेलं. नर्सने विचारलं, "गरम पाण्याने बरं वाटतं का?" आणि लगेच, "गांजा किती ओढतोस?" ताईचा चेहरा बघवेना. सतत गांजा ओढल्याने होणाऱ्या या उलट्यांना कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस म्हणतात. ओढणं बंद केलं की थांबतं, दुसरा कायमचा इलाज नाही. पेन ड्राइव्हएवढं ते वेप हुडीच्या खिशातच होतं. ना वास, ना राख.

भावोजी अजून म्हणतात, "शिमग्याला आम्हीही भांग प्यायलोय, काय झालं?" अहो, ती घोटलेली पानं, तीही वर्षातून एकदा. वेपमध्ये बसवायच्या कार्ट्रिजच्या (छोट्या नळीच्या) तेलात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, बऱ्याचदा ७० ते ९० टक्के असतं, आणि पोरं लेक्चरला बसूनही ओढतात! पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो. रोज असला जहाल माल ओढणाऱ्यांत सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका वाढतो. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर विषयच संपला.

फुप्फुसांचं म्हणाल, तर २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेपिंगमुळे २,८०० च्या आसपास लोक रुग्णालयात गेले, ६८ दगावले. बहुतेकांनी टीएचसीचं वेप ओढलं होतं. चोरट्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. परवानाधारक दुकानातला माल त्या बाबतीत बरा, हे मान्य. पण आमच्याकडे दुकानदार २१ च्या आतल्याला देत नाहीत, मग तुमचा मुलगा २१ च्या आतला असेल तर त्याला कोण देतं ते आधी विचारा. आणि सुट्टीत भारतात येताना ते बॅगेत राहिलं तर अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहेच.

प्रत्येकाला उलट्या होतातच असं नाही, आणि मी डॉक्टर नाही. पण छातीत दुखलं, दम लागला, तर डॉक्टरला वेपचं आधी सांगायला लावा. बापासमोर मात्र विचारू नका. आमचं पोरगं भावोजींना खोलीबाहेर काढल्यावरच बोललं.