डार्क अँबियंटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ते एकाच सुरात संथ चालणारं, अंधारं, गुंगवून टाकणारं इलेक्ट्रॉनिक संगीत असतं ना, डार्क अँबियंट, त्याला 'तिमिर-परिवेशी संगीत' म्हटलं तर चालेल का? चालेल की, पण म्हणणार कोण? मला तरी परिवेशी ऐकून भूगोलाचा पेपर आठवला.

अँबियंट मूळ लॅटिन, म्हणजे सगळीकडून वेढणारं. त्यातला 'अँबि' आणि संस्कृतातला 'अभितः' हे चुलतभाऊ. १९७८ मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बमला हे नाव लावलं, त्याचं म्हणणं असं की हे लक्ष देऊन ऐकता यायला हवं आणि दुर्लक्ष केलं तरी बिघडायला नको. म्हणून पार्श्वसंगीत हा शब्द बाद, कारण पार्श्वसंगीताच्या पुढ्यात काहीतरी चालू असावं लागतं, सीन म्हणा, संवाद म्हणा. त्यापेक्षा आसमंत बरा, तोही 'सगळ्या बाजूंनी' वरूनच आलाय. फक्त अर्ध्या लोकांना आसमंत म्हणजे आकाश वाटतं, त्याला इलाज नाही.

डार्कचं काळं करू नका, काळं म्हटलं की मराठीत धंदा नाहीतर पैसा येतो. अंधारलेलं म्हणा.

खरी मजा हिप्नॉटिकची, म्हणजे त्या गुंगवून टाकण्याची आहे. संमोहक शब्द आपण हसण्याला नि डोळ्यांना वापरून वापरून गुळगुळीत केलाय. मला इथे 'घुमणारं' हवं. आवाज घुमतो आणि अंगात आलेला माणूसही घुमतो, एकाच क्रियापदात दोन्ही! आणि या संगीतात होतं तेच, ५५ आणि ५५.५ हर्ट्झचे दोन खर्जातले सूर एकत्र सोडले की दर दोन सेकंदांनी आवाज एकदा भरतो, एकदा ओसरतो, वर रिव्हर्ब, म्हणजे मागे रेंगाळणारी घुमी, एवढी की आधीचा सूर विरायच्या आत पुढचा येऊन मिसळतो, मग ऐकणाऱ्याची तंद्री लागली तर नवल काय. 'नाद'चंही तसंच, आवाज तो नाद आणि लागतो तोही नादच.

तेव्हा लेबल म्हणून सरळ डार्क अँबियंटच लिहा, वर्णन करताना 'अंधारलेलं, घुमणारं' लिहा. राहता राहिला ड्रोन, म्हणजे या संगीतातला तो न थांबता चालणारा एकच लांब सूर. इंग्रजीत तो मुळात नर मधमाशी, त्यामुळे गुंजारव सुचतो खरा, पण गुंजारव फारच गोड, त्यात भुंगा आणि कमळ आलंच. ड्रोनला ड्रोनच राहू द्या, कोणी वर आकाशात बघितलं तर बघू दे.