शोधनिबंध वाचायला कोणते शब्द आधी समजून घ्यावेत?

शोधनिबंध उघडला की पहिल्याच पानावर अडखळायला होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी अख्खा परिभाषाकोश पाठ करू नका. गृहीतक म्हणजे संशोधकाला तपासून पाहायचं असलेलं विधान, नमुना म्हणजे ज्यांच्यावर ते तपासलं ती माणसं, आणि कंट्रोल ग्रुप म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, उपचार न दिलेला किंवा नेहमीचाच उपचार दिलेला गट. सुरुवातीला एवढं पुरतं.

खरी गफलत होते ती 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय' या शब्दांपाशी. लक्षणीय म्हणजे मोठा किंवा महत्त्वाचा, असं वाचणारा धरून चालतो. इथे अर्थ वेगळा आहे. मुळात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-व्हॅल्यू सांगते. ती ०.०५ पेक्षा कमी आली की निष्कर्षाला लक्षणीय म्हणायचं, एवढंच. ही ०.०५ ची रेघ निसर्गाने आखलेली नाही. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. नमुना पुरेसा मोठा असेल, तर रक्तदाबातला एका अंकाचा फरकही 'लक्षणीय' ठरू शकतो, रुग्णाला त्याचा काही उपयोग नसला तरी! म्हणून फरक नेमका केवढा आहे ते आधी शोधा. सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, दिलेला असतो. फरकाचा हा पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर ठाम काही म्हणता येत नाही.

'धोका निम्म्याने घटला' असं दिसलं, की कितीवरून किती ते विचारा. दहा हजारांत दोघांऐवजी एकाला आजार झाला, तरी धोका निम्मा झालाच. हा सापेक्ष धोका. निरपेक्ष हिशोबात फरक दहा हजारांत एकाचा. मला विचाराल तर बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला हा भेद शाळेतच शिकवायला हवा.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलताना दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे तुम्ही ऐकलं असेलच.

प्रीप्रिंट म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध. तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू, झाली तरी चुका निसटतात. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. त्यामुळे वाचायला बसण्याआधी निबंधावर 'रिट्रॅक्टेड', म्हणजे मागे घेतलेला, असा शिक्का नाही ना, ते जरूर बघा.