वडिलोपार्जित धंदा बुडाल्यावर, कर्ज न काढता स्वतःच्या उत्पादनाची कंपनी उभी करता येते का?

आपली धुळ्याची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याची गिरणी, बंद पडली, हाती दोन-अडीच लाख रुपये उरले, बँक नवे कर्ज देत नाही, आणि आता स्वतःची एखादी वस्तू तयार करून विकावी असा आपला विचार आहे. सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी याच वाटेने गेलो असल्यामुळे सविस्तर लिहितो.

आमची जळगावात तुरीची डाळ मिल होती. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, त्या तेजीत कॅश क्रेडिटच्या, म्हणजे मालाच्या साठ्यावर बँकेने दिलेल्या कर्जाच्या, पैशावर माल भरला गेला, आणि पुढे विक्रमी पीक आल्यावर २०१६-१७ च्या हंगामात ५०५० रुपये क्विंटल हा हमीभावसुद्धा बाजार समितीत मिळेनासा झाला. गोदामातल्या मालाची किंमत त्यावरच्या कर्जापेक्षा खाली आली आणि व्याज मात्र चालूच राहिले. मिल विकावी लागली.

वस्तू कोणती काढावी, हा प्रश्न दुसरा आहे. जुन्या कर्जात आपण स्वतः किती अडकलेले आहात, हा पहिला. आपण भागीदार असाल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला आपली खासगी मालमत्ताही बांधील असते. जामीनदार म्हणून सही केली असेल, तर करारात वेगळे काही नसल्यास जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली जाते. केवळ मुलगा असाल, सही कुठेच नसेल, तर वारसा म्हणून जे हाती येईल त्याच्या मर्यादेतच आपल्याकडून वसुली होऊ शकते. या तिन्ही स्थितींत फार अंतर आहे, म्हणून जुनी कागदपत्रे घेऊन आधी चांगल्या वकिलाकडे बसावे. भागीदार किंवा जामीनदार असाल, तर नव्या धंद्याचे चालू खाते त्याच बँकेत मुळीच उघडू नये, कारण तिथे जमा होणारा पैसा जुन्या थकबाकीकडे वळण्याची भीती राहते. बँकेशी एकरकमी तडजोड, म्हणजे थकबाकीचा काही भाग एकदम भरून बाकीची माफी, झाली असेल, तरी सिबिलच्या (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि पूर्ण फेडलेल्या कर्जासारखा तो मानला जात नाही. अहवालाची एक प्रत वर्षातून एकदा मोफत मिळते, ती मागवून घ्यावी. सरकारी अनुदानाच्या बहुतेक योजना बँक कर्जाशी जोडलेल्या असल्याने हा शेरा असेपर्यंत त्यांच्या भरवशावर आखणी करू नये.

मिल गेली तरी धान्याची पारख घरातच राहिली होती. दाणा दाताखाली धरून ओल किती आहे हे सांगता येत होते आणि दाणाबाजारात कोणाकडे कसा माल येतो हे ठाऊक होते. म्हणून मी कळण्याचे पीठ निवडले. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून दळलेले हे पीठ आपल्याकडे घरोघरी लागते, भरिताच्या दिवसांत तर विशेष. पण पुण्यात आणि सुरतेत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना ते दुकानात सहसा मिळत नाही. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद हे आमच्या घरचे प्रमाण, तेच ठेवले.

यंत्र एकही घेतले नाही. ओळखीच्या गिरणीवाल्याकडून मजुरीवर दळून घेतले आणि घरी पॅकिंग केले. जात्याखालून पीठ गरम येते. ते तसेच पिशवीत भरले, तर आतून वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी येते. त्यामुळे ते स्वच्छ चादरीवर पसरून पूर्ण निवू द्यावे लागते. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, लवकर जाते आणि मग भाकरी थापताना कडा चिरतात. उडदामुळे कळणा थोडा अधिक टिकतो, तरीही मागणी आल्याशिवाय दळायचे नाही, हा नियम मी आजही मोडत नाही.

आता पैशाच्या फिरण्याविषयी, कारण माझ्या मते सारा धंदा तिथेच ठरतो. उदाहरणादाखल असे धरा की ज्वारी चाळीस रुपये आणि उडीद नव्वद रुपये किलो आहेत. दोनशे किलो पिठाला दहा हजारांचे धान्य लागले, आणि दळण, पिशवी, लेबल, वाहतूक मिळून किलोमागे पंधरा रुपये पडले. एकूण गुंतवणूक तेरा हजार. दुकानदाराला ८२ रुपयांनी दिले, तर ३४०० रुपये सुटतात. पैसे पंधरा दिवसांत परत आले, तर त्याच तेरा हजारांवर महिन्याला ६८०० मिळतात. दुकानदाराने दोन महिने उधारी ठेवली, तर महिन्याला १७०० पडतात. माल तोच, भाव तोच, भांडवलही तेच. आमच्या मिलचा पैसा साठ्यात आणि उधारीत महिनोन्‌महिने अडकून राहत असे आणि व्याज त्यातूनच वाढत गेले. म्हणून नव्या धंद्यात किलोमागे दोन रुपये कमी घेतले तरी चालतील, पण रोखीने विकावे, आणि उधारीवर मोठी ऑर्डर देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

परवान्यांचा बाऊ करू नये. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. पाकीटबंद मालावर वजन, किंमत, उत्पादनाचा महिना, नाव-पत्ता हा मजकूर छापणे बंधनकारक आहे. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. मात्र सुरत गुजरातेत येते, त्यामुळे तिथे माल पाठवायचा तर पहिल्या पिशवीपासून नोंदणी हवी. आपल्या भागातल्या पुष्कळ वस्तूंचे गिऱ्हाईक सुरतेच्या उधना-लिंबायत भागातच असल्याने हे आधीच ध्यानात ठेवावे.

आपल्याविषयी विचाराल, तर आपल्याला रुई कळते. धागा लांब की आखूड, कचरा किती, ओल किती, हे आपण हातात घेऊन सांगू शकता, आणि गादी-उशी विकणाऱ्या फार थोड्यांना ते सांगता येते. तान्ह्या बाळाची गादी, उशी आणि दुपटे असा शुद्ध कापसाचा संच तयार करावा. पिंजणे गादीवाल्याकडून, शिवण घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून मजुरीवर करून घ्यावे. आत कोणता कापूस भरला आहे हे गिऱ्हाइकाला पाहता यावे म्हणून उशीच्या एका बाजूला उघडझाप करता येणारी चेन (झिप) ठेवावी. पहिले मोजके संच नात्यातल्या लोकांना फुकट वाटू नयेत. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलींच्या आयांना पूर्ण किमतीत विकून पाहावेत. त्यांनी आपणहून शेजारणीला सांगितले, तरच पुढचा कापूस घ्यावा.